कॉमिक्सचा चित्रकार व्हायचंय, पण पोर्टफोलिओत काय ठेवायचं?

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. जुन्या अमेरिकन पल्प (स्वस्त कागदावरच्या, थरारक गोष्टींच्या) मासिकांतल्या चित्रांचं आणि कॉमिक्सचं त्याला वेड आहे. दिवसभर सुपरहीरो काढत बसतो. यावर पोट भरेल का? – एक आई, सांगली

ताई, त्याच्या आवडत्या पल्प मासिकांचा काळ १९५०च्या दशकात सरला, पण तिथले चित्रकार पुढे कॉमिक्समध्ये टिकले. मर्फी अँडरसन १९४४ मध्ये ‘प्लॅनेट स्टोरीज’ या विज्ञानकथांच्या पल्प मासिकासाठी चित्रं काढत होते. पुढे कर्ट स्वान पेन्सिलने सुपरमॅन काढायचे आणि त्यावर शाई अँडरसन करायचे. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं ही तिथे वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. मुलाला यातलं नेमकं काय जमतं, ते आधी पाहा.

दिवसभर काढलेले सुटे सुपरहीरो संपादकाला फारसं काही सांगत नाहीत. पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुना-संचात, संपादकाला हवी असतात सलग पानं. एका छोट्या गोष्टीची पाच-सहा पानं करायला सांगा आणि त्यांत एसटी स्टँड, स्वयंपाकघर, पाऊस, गर्दी येऊ द्या. नवखे इथेच अडकतात : चौथ्या चौकटीत नायकाचा चेहरा बदलतो, सगळी माणसं छातीपर्यंतच दिसतात, मागची जागा कोरी राहते. आधी पानाचा काडेपेटीएवढा कच्चा आराखडा, मग संवादांच्या फुग्यांच्या जागा, त्यानंतरच पेन्सिल. फुगे शेवटी बसवले की चेहरे झाकले जातात. मराठीत तर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसू नयेत म्हणून ओळींत जास्त अंतर लागतं, म्हणजे फुगाही मोठा लागतो.

अमेरिकन पद्धतीत मूळ पान ११ × १७ इंचांचं आणि चित्राची चौकट साधारण १० × १५ इंचांची असते. छापताना ते जवळजवळ दोन तृतीयांश होतं. त्यामुळे अगदी बारीक पेनच्या रेषा तुटतात आणि छटेसाठी काढलेल्या रेषांच्या दाट जाळीचा काळा डाग होतो. पान त्या मापात छापून तपासायची सवय आत्ताच लागू दे. काळ्या रेषेचं स्कॅनिंग ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करावं.

वेगाचं सांगते. मासिक अंकात २०-२२ पानं असतात, म्हणजे कामाच्या दर दिवशी साधारण एक पान. आठवड्यात त्याची किती पानं पूर्ण होतात, ते वहीत मांडून ठेवा.

शिक्षणासाठी बारावीनंतर कला सीईटी देऊन उपयोजित कलेची (जाहिरात, मांडणी अशा व्यावसायिक चित्रकलेची) चार वर्षांची पदवी घेता येते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव आत्तापासून हवा. आपल्याकडे नुसत्या कॉमिक्सवर सुरुवातीला घर चालणं अवघड आहे. दिवाळी अंकांचं काम हंगामी असतं. पण सलग चौकटींत गोष्ट सांगता येणाऱ्याला जाहिरात आणि अ‍ॅनिमेशनच्या स्टोरीबोर्डचं (चित्रीकरणाआधी काढलेल्या प्रसंगचित्रांचं), बालपुस्तकांचं काम मिळू शकतं. तेच त्याचा मुख्य आधार धरा.

पहिलं काम मिळालं की करार लेखी घ्या. नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरून काम घेताना हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या वापरासाठी देतोय, ते लिहून घ्यावं. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो.