कॉलेजात व्यसनप्रतिबंधाचा कार्यक्रम घ्यायचा आहे. भाषण ठेवून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून हे काम तुमच्या गळ्यात पडलंय, एक वक्ता आणि एक पोस्टर स्पर्धा ठरलीय, आणि याने कुणाचं काही थांबेल का अशी तुमची तुम्हालाच शंका आहे. शंका रास्त आहे. मी रसायनशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं आमच्या विद्यार्थी कल्याण समितीत होते. पहिली तीन वर्षं मीही हेच केलं: सडलेल्या यकृताचे फोटो, एक डॉक्टर, एक सामूहिक शपथ, मग टाळ्या. शपथ चालू असताना मागच्या रांगेत रात्रीचा बेत ठरत होता, हे त्या रांगेतल्याच एकाने मला पास होऊन गेल्यावर सांगितलं. हसत हसत सांगितलं, आणि मलाही हसू आलं.

भीती का चालत नाही, हे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. यकृत खराब व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्याची भीती आज रात्रीची असते: ग्लास नको म्हटलं तर सगळे आपल्याला बावळट समजतील. फोटोतलं यकृत त्या भीतीच्या आसपासही पोहोचत नाही. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमधून ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन शाळकरी मुलांना नशेविरुद्ध धडे द्यायचे. देशभर पसरला, पालकांना तर फारच आवडला. त्याच्या अनेक मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की मुलांच्या माहितीत भर पडत होती, पण प्रत्यक्ष नशा करण्यावर परिणाम नगण्य होता. कॉलेजच्या मुलांना तर माहिती आपल्यापेक्षा जास्तच असते.

मग मी काय करू लागले ते सांगते. सगळंच जमलं असं नाही.

पहिली गोष्ट चिठ्ठ्यांची. निनावी चिठ्ठीवर दोनच प्रश्न: गेल्या महिन्यात तुम्ही किती दिवस दारू प्यायलात? तुमच्या वर्गातलं साधारण मूल किती दिवस प्यायलं असेल? चिठ्ठ्या गोळा करून तिथेच फळ्यावर दोन रकाने मांडायचे. मी जितक्या वेळा हे केलं, तितक्या वेळा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा फुगलेला निघाला. कारण सोपं आहे. जो व्हरांड्यात ओकतो तो सगळ्यांना दिसतो, दुसऱ्या दिवशी त्याचीच गोष्ट कॅन्टीनभर होते. जो खोलीत पुस्तक वाचत झोपून गेला त्याची गोष्ट कोण सांगणार? पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघा अभ्यासकांनी 1986 साली कॉलेजातला हा गैरसमज पहिल्यांदा नीट मांडला. ‘सगळेच पितात’ असं वाटणारा मुलगा त्या काल्पनिक सगळ्यांच्या बरोबरीने राहायला पितो.

मात्र यावरून लगेच ‘बहुतेक मुलं कमीच पितात’ अशी आकड्यांची पोस्टरं छापायला धावू नका. तसल्या पोस्टर मोहिमांची अमेरिकेत 2003 साली मोठी पाहणी झाली आणि पिणं कमी झालेलं काही दिसलं नाही. माझा अनुभवही तोच. भिंतीवरच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्याच वर्गाच्या चिठ्ठ्या डोळ्यांदेखत उलगडल्या की ठेवतात. आणि तुमच्या वर्गाचा आकडा खरंच मोठा निघाला तर तो झाकू नका. एकदा खोटं सापडलं की पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरा प्रयोग माझ्या विषयातला, म्हणून माझा लाडका. रंगीत पाण्याची बाटली, चार वेगवेगळ्या आकारांचे ग्लास आणि एक मोजपात्र. कुणालाही बोलवायचं आणि सांगायचं, ‘एक पेग ओत.’ ओतलेलं मोजपात्रात घ्यायचं. तीस मिलिलिटरच्या जागी पन्नास, साठ, रुंद ग्लास असेल तर त्याहूनही जास्त भरतं, आणि वर्गात जो हशा पिकतो तो पुढच्या गणिताला कामी येतो. साधारण 42 टक्क्यांच्या दारूच्या तीस मिलिलिटरमध्ये जवळपास 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पाच टक्क्यांच्या बिअरच्या 330 मिलिलिटरमध्ये 13 ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरचा अर्ध्या लिटरचा डबा घेतला तर 31 ग्रॅमच्या वर. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा इथे गप्प होतो. आता दुसरी बाजू: शरीर हे अल्कोहोल ढोबळमानाने ताशी 7 ते 10 ग्रॅम या गतीनेच जाळतं. कॉफीने, थंड पाण्याच्या आंघोळीने, उलटीने किंवा धावून आल्याने ती गती वाढत नाही. कॉफीने फार तर टल्ली माणूस जागा टल्ली होतो. मग गणित त्यांनाच करू द्या. रात्री बारापर्यंत 70 ग्रॅम पोटात गेलं असेल, तर सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला किंवा गाडीच्या हँडलवर हात ठेवताना रक्तात काय असेल? यात उपदेशाचा एकही शब्द नाही, आणि मुलं वहीत उतरवून घेतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुतेक कार्यक्रमांत नसते. मी विद्यार्थिनी असताना हॉस्टेलवर एका मैत्रिणीला खूप चढली. आम्ही तिघींनी तिला पाठीवर झोपवलं, डोक्याखाली दोन उश्या दिल्या, कपाळावर ओला टॉवेल ठेवला आणि ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून दिवा घालवून शेजारच्या खोलीत निघून गेलो. सकाळी उशीवर ओकारी वाळलेली होती. झोपेत तिची मान आपोआप एका बाजूला कलली होती, एवढ्यावर ती वाचली. आमच्या शहाणपणाचा त्यात काडीचा वाटा नव्हता. आम्ही तिघी हुशार विद्यार्थिनी होतो, व्यसनाच्या दुष्परिणामांवर निबंध लिहिला असता तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते.

झोपल्यावर दारू ‘उतरू’ लागते हा समज घातक आहे. शेवटचे दोन-तीन ग्लास अजून पोटातच असतात, त्यामुळे शुद्ध हरपल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढतच राहतं. घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असते, आणि पाठीवर पडलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. म्हणून वर्गात सतरंज्या टाका आणि प्रत्येकाला प्रत्येकावर करून बघू द्या: माणसाला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा म्हणजे तो पालथा किंवा उताणा होत नाही, वरच्या हाताचा तळवा गालाखाली, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. आणि कुणीतरी जागं राहून जवळ बसायचं. हलवूनही जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, अंग गार, ओठ निळसर, झटके, झोपेत उलटी: यातलं एकही लक्षण दिसलं की रुग्णवाहिका. सगळी लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नाही. तोंडात बोटं घालून उलटी काढायची नाही, ओढत फिरवायचं नाही, आणि डॉक्टरांना काय काय घेतलं होतं ते खरं सांगायचं.

इथे मुलं हमखास विचारतात, ‘मॅडम, फोन केला तर आम्हालाच काढून टाकतील ना?’ हा प्रश्न तुम्ही प्राचार्यांपर्यंत न्याच. कॉर्नेल विद्यापीठाने 2002 साली नियम केला की दारूच्या विषबाधेत मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर शिस्तभंगाची नेहमीची कारवाई होणार नाही. त्यानंतर मदतीचे फोन वाढले, आणि पिणं वाढल्याचं मात्र आढळलं नाही. आमच्याकडे असा नियम मंजूर व्हायला दोन वर्षं गेली. दर बैठकीत ‘म्हणजे आपण दारूला परवानगी देतोय का?’ हा प्रश्न नव्याने यायचा. तुमच्याकडेही येईल. चिडू नका, कागद घेऊन पुन्हा जा.

जी मुलं आधीच बरीच पीत आहेत त्यांना सभागृहात बसवून काही होत नाही. त्यांच्यासाठी एकेकट्याशी बोलणं लागतं. वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बेसिक्स’ नावाची पद्धत बसवली. साधारण दोन भेटी असतात, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पिण्याचे आकडे त्याच्यासमोर ठेवायचे आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा. त्यांच्या 1998 सालच्या अभ्यासात पिणं आणि त्यातून होणारं नुकसान दोन्ही घटलं, आणि दोन वर्षांनंतरही फरक टिकलेला होता. यात बोलण्याची ढब फार महत्त्वाची. ‘तू का पितोस?’ विचारलं की तो वकील होतो. ‘प्यायल्याने तुला काय मिळतं?’ असं आधी विचारा, तो मोकळेपणाने सांगेल. मग ‘आणि त्यातलं काय नकोसं वाटतं?’ एका मुलाने मला या दुसऱ्या प्रश्नावर उत्तर दिलं, ‘काय बोललो ते आठवत नाही, लोक माझ्याकडे बघून हसतात आणि मला कारण माहीत नसतं.’ मी काही बोलले नाही. सुरुवात कुठून करायची हे त्याने स्वतःच दाखवलं होतं. स्वतःला पडताळायला जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणीही आहे. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले तर समुपदेशकाला भेटायला हवं. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते: रोज भरपूर पिणाऱ्याला जोशात येऊन ‘आजपासून बंद’ करायला लावू नका. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

गोळ्या आणि इतर नशांबद्दल मी थोडंच बोलते, कारण तिथे माझ्यापेक्षा औषधशास्त्र जाणणारा माणूस बरा. दोन गोष्टी मात्र वगळत नाही. झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं दारूबरोबर घेतली की दोघं मिळून श्वास मंदावतात. एकेकट्याने न मारणारा डोस जोडीने मारू शकतो. नॅलोक्सोन हे औषध अफूवर्गीयांचा असर उलटवतं, दारूचा नाही. आणि मित्राने दिलेली ‘अभ्यासाची’ गोळी दिसायला औषधाच्या दुकानातल्यासारखी असली, तरी आत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

आता तारीख. तुमचा कार्यक्रम 26 जूनला, म्हणजे जागतिक अमली पदार्थविरोधी दिनाला ठरलाय असं दिसतं. तो दिवस तुमच्या वर्षात कुठे पडतो ते बघा. नव्या मुलांना सगळ्यात जास्त धोका असतो तो कॉलेजात आल्यावरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत, जेव्हा कुणाला मित्र नसतात आणि प्रत्येकाला हवे असतात. शक्य असेल तर कार्यक्रम तिथे सरकवा. वक्ता रद्द करता येत नसेल तर राहू दे, त्यांना वीस मिनिटं द्या आणि उरलेला वेळ सतरंज्यांना.

आणि हो, पाण्यात रंग थोडा जास्तच टाका. पहिल्या वेळी मी फिकट केला होता, मागच्या बाकांवरून मोजपात्रातली पातळी कुणालाच दिसली नाही.