मॅजिक किंगडममध्ये एवढी खोदाखोद चालू असताना आई-बाबांना घेऊन जावं का?

तुम्ही विचारलंय की जानेवारी २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही तिथली चार पार्क) जायचं ठरतंय, सोबत सात वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा. मॅजिक किंगडममधली बोट बंद, बिग थंडर हा रोलर कोस्टर बंद, अ‍ॅनिमल किंगडममधली डायनासोर ही राइडही जाणार. तर आत्ता जावं की सगळं बांधून झाल्यावर?

आत्ता जा.

'सगळं बांधून झाल्यावर' हे वाक्य आमचे मेहुणे २०२३ पासून म्हणत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जानेवारी २०२३ मध्ये मॅजिक किंगडममधली स्प्लॅश माउंटन ही राइड बंद झाली. त्या जागी २८ जून २०२४ ला टियाना ही नवी राइड उघडली, पण त्याआधी ११ दिवस एपकॉटमधला टेस्ट ट्रॅक बंद झाला होता. तो २२ जुलै २०२५ ला परत सुरू झाला, तर त्याच महिन्याच्या ६ तारखेला मॅजिक किंगडममधलं टॉम सॉयर आयलंड हे बेट आणि लिबर्टी बेल बोट यांचा शेवटचा दिवस झाला आणि ती ज्या कृत्रिम नदीत होती ती नदीच रिकामी केली. बिग थंडर ६ जानेवारी २०२५ पासून बंद आहे, बझ लाइटइयर ही राइड त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून. दोन्ही २०२६ मध्ये उघडतील, तोवर हॉलिवूड स्टुडिओजमधला रॉक एन रोलर कोस्टर बंद होईल. अ‍ॅनिमल किंगडममध्ये डायनासोरच्या जागी जे येतंय त्याला २०२७ सांगितलंय. नदीच्या जागी 'कार्स' या चित्रपटावरचा भाग येणार, त्याची तर तारीखच जाहीर नाही. मेहुण्यांना हवं तसं 'सगळं झालेलं' पार्क कुठल्याच वर्षी मिळणार नाही.

तुमच्या बाबतीत आणखी दोन कारणं. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. वर्षभर थांबलात तर मुलीचं पूर्ण तिकीट, आणि लहान मुलांच्या तिकिटात सवलत नावापुरतीच असते. दुसरं, आई-बाबा पुढच्या वर्षी येतीलच, गुडघे असेच असतील, हे कोणी सांगावं?

आता काय बंद आहे यापेक्षा त्याने नेमकं काय कमी झालं ते बघा. मेहुणे तिकिटाला राइडच्या संख्येने भागतात. तिकीट तेवढंच आणि राइड तीन कमी, म्हणजे फसवणूक. तिकीट स्वस्त होत नाही हे खरं आहे. २०२५ मध्ये मॅजिक किंगडमचा गर्दीच्या दिवसाचा दर १९९ डॉलरपर्यंत गेला. पण २०२५ मध्ये जे गेलं त्यातलं बरंचसं वेगाचं नव्हतंच. बोट गेली, बेट गेलं, हॉलिवूड स्टुडिओजमधलं मपेट्सचं थिएटर जूनमध्ये गेलं. या सगळ्या बसायच्या जागा होत्या. एका फेरीत शेकडो माणसं सावलीत बसायची, पाय मोकळे व्हायचे, पोरं झोपायची, आणि तेवढा वेळ तेवढी माणसं दुसऱ्या रांगांत नसायची. मेख इथेच आहे. रोलर कोस्टरवाल्या तरुण पोरांचं फार बिघडलेलं नाही. आजी-आजोबा, बाळ आणि बाळाची आई यांची विश्रांती गेली आहे. मेहुणे म्हणतात, "बोटीत बसायला कोण जातं एवढ्या लांब?" त्यांच्या आई जात असत्या, पण दुपारी दोनला जुलैच्या उन्हात त्या स्पेस माउंटन या कोस्टरबाहेर पर्स सांभाळत बसल्या होत्या.

तेव्हा दिवस आखताना आधी बसायच्या जागा ठरवा, मग राइड त्यांच्यामध्ये बसवा.

मॅजिक किंगडममध्ये आजही बसून, गारव्यात, कमी रांगेत मिळणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस साधारण वीस मिनिटं, प्रेक्षागृहच गोल फिरतं, १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनातलं आहे. हॉल ऑफ प्रेसिडेंट्स तेवढाच वेळ, झोप लागली तरी कोणी उठवत नाही. मिकीज फिलहारमॅजिक बारा मिनिटं, संगीत असल्याने भाषेचं घोडं अडत नाही. टिकी रूममध्ये गाणारे पक्षी आहेत, बाळाला हमखास आवडतात. लाफ फ्लोअर मात्र आई-बाबांसाठी टाळा, सगळा खेळ इंग्रजी विनोदांवर आहे. पीपलमूव्हर सुंदर आहे, दहा मिनिटं पार्कातल्या टुमारोलँड या भागावरून वाऱ्यात फिरवतो, पण चढायला सरकता उतार आणि सरकतं फलाट आहे. ज्यांना व्हीलचेअरमधून उठता येत नाही त्यांना जमणार नाही. जेवायला लिबर्टी स्क्वेअर या भागातलं कोलंबिया हार्बर हाउस, आणि तिथे वरच्या मजल्यावर जा. खाली गोंधळ असतो, वर बऱ्याचदा खिडकीजवळचं टेबल मिळतं.

बोटीचीच हौस असेल तर ती फुकटात भागते. गाडीने येणार असाल तर पार्किंग ट्रान्स्पोर्टेशन सेंटरला असतं आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. सकाळी जी लवकर निघेल ती घ्या, परतताना मुद्दाम बोट घ्या. शिवाय मॅजिक किंगडमच्या धक्क्यावरून वाइल्डरनेस लॉज हे हॉटेल आणि फोर्ट वाइल्डरनेस इथे छोट्या लाँच जातात, तिकीट नाही, हॉटेलात राहत असण्याची अट नाही. दुपारी अडीच-तीनला आई-बाबांना आणि झोपाळलेल्या मुलीला घेऊन एकाने वाइल्डरनेस लॉजला जायचं, लॉबीत तासभर बसायचं, परत यायचं. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात. तोवर दुसऱ्याने मुलाला टियानावर न्यायचं.

टियानाकडे जायची वाटही बघून ठेवा. बिग थंडर आणि नदीभोवती भिंती आहेत, त्यामुळे फ्रंटियरलँड या भागाचा पट्टा चिंचोळा झालाय आणि परेड नेमकी त्याच पट्ट्यातून जाते. परेडच्या वीस मिनिटं आधी तुम्ही बाबागाडी घेऊन लिबर्टी स्क्वेअरमध्ये असाल तर परेड संपेपर्यंत तिथेच अडकाल. शेजारच्या अ‍ॅडव्हेंचरलँडमधून शिरा, पायरेट्स या राइडच्या बाजूने थेट फ्रंटियरलँडच्या टोकाला निघता. येतानाही तसंच.

मुलाची उंची घरीच मोजा, आज रात्रीच. टियानाला १०२ सेंटिमीटर लागते, सेव्हन ड्वार्फ्सला ९७, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. सात वर्षांची बरीच मुलं ट्रॉनच्या काठावर असतात. दारावर मोजपट्टी लावतात आणि अर्धा सेंटिमीटरही सोडत नाहीत. ११९ असेल तर ट्रॉनचं नावही त्याच्यासमोर काढू नका.

मुलगी लहान असल्याने रायडर स्विच वापरा. राइडच्या दाराशी सगळ्यांनी मिळून जायचं आणि कर्मचाऱ्याला सांगायचं. एक पालक मुलाला घेऊन रांगेत जातो, दुसरा मुलीजवळ थांबतो. पहिला बाहेर आला की दुसरा लांब रांग न लावता आत जातो. दुसऱ्या खेपेला मुलाला सोबत सोडतात का ते तिथेच विचारून घ्या. आणि कृपा करून "आई-बाबा बसतील ना बाळाला घेऊन, आपण दोघं जाऊन येऊ" हे करू नका. त्यांना बाळ सांभाळायला आणलंय का पार्क दाखवायला, हा आमच्याकडचा जुना वाद आहे आणि त्यात माझीच बाजू बरोबर आहे.

लाइटनिंग लेन मल्टी पास (पैसे भरून लांब रांग टाळायचा पास) फक्त मॅजिक किंगडमच्या दिवसासाठी घ्या. डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर मुक्कामाच्या सात दिवस आधी, बाहेर राहत असाल तर त्या तारखेच्या तीन दिवस आधी, सकाळी सातला विक्री उघडते. ही वेळ फ्लोरिडाची. टेक्सासात असाल तर सहाचा गजर लावा. आधी तीन राइड वेळेसकट निवडता येतात, एक पहिल्या गटातली आणि दोन दुसऱ्या. पहिल्या गटातून जंगल क्रूझ घ्या: बोट आहे, उंचीची अट नाही, आजोबांपासून बाळापर्यंत सगळे एकत्र बसतात. पीटर पॅन त्याच गटात आहे, त्याची रांग दिवसभर हलत नाही, म्हणून तिथे पार्क उघडताक्षणी जा. दुसऱ्या गटातून हाँटेड मॅन्शन आणि पायरेट्स. सेव्हन ड्वार्फ्स आणि ट्रॉन या पासात येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. मुलीसाठी पास लागत नाही. आई-बाबा तीन-चारच राइड करणार असतील तर हिशेब करून मग त्यांचा घ्या.

चूक इथे होते: लोक तीनही वेळा दुपारच्या घेतात. पहिली राइड झाल्याशिवाय चौथी निवडता येत नाही, म्हणून पहिली वेळ साडेनऊ-दहाची हवी. निवडलेल्या वेळेची मुदत एक तासाची असते, पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतरही चालवून घेतात. तुमच्या वेळेत राइड बंद पडली तर पास वाया जात नाही, त्याचं रूपांतर दुसऱ्या राइडवर चालणाऱ्या पासात होतं. तो लगेच फालतू रांगेवर उडवू नका. कुठे चालतो ती यादी अ‍ॅपमध्ये दिसते.

अ‍ॅनिमल किंगडमला या बांधकामात अर्धा दिवस पुरतो. डायनासोरचा शेवटचा दिवस १ फेब्रुवारी २०२६ आहे, म्हणजे तुमच्या आठवड्यात निरोप घ्यायला येणाऱ्यांची गर्दी तिथे असेल. सकाळी पहिल्यांदा जमलं तर ठीक, नाहीतर सोडून द्या. अंधार आणि आवाज इतका की मुलगा घाबरूही शकतो. सफारी मात्र सकाळीच करा. मग महाराजा जंगल ट्रेक. आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय, पडक्या राजवाड्याच्या कमानीतून वाघ दिसतात, आई-बाबा तिथून हलणार नाहीत. मोठ्या झाडाच्या बुंध्यातल्या थिएटरमध्ये नोव्हेंबरपासून झूटोपियाचा खेळ आहे, तोही बसून बघायचा. दुपारी बाहेर पडून अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना या रेस्टॉरंटमध्ये जा. नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची येतात, खिडकीबाहेर जिराफ. आधी आरक्षण करा.

एपकॉट पूर्ण दिवस द्या. लिव्हिंग विथ द लँडमध्ये बोट काचेच्या शेतघरांतून जाते, मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या दिसतात. शेतीशी संबंध असलेल्या माणसाला त्या चौदा मिनिटांत सगळ्या डिस्नेचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. हॉलिवूड स्टुडिओज वगळा. तीन दिवसांचं तिकीट पाच दिवसांच्या मुदतीत वापरता येतं, मध्ये एक दिवस आराम ठेवा.

डबा न्या. बाहेरचं खाणं आत चालतं. काचेच्या बाटल्या, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही. दशम्या, चिवडा, लाडू सुरक्षा तपासणीत कोणी अडवत नाही. पेयं विकणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा ग्लास फुकट मागता येतो. सकाळी दहा अंशांपर्यंत थंडी असते, दुपारी बावीस, तेव्हा स्वेटर काढून ठेवायला पिशवी हवी.

हे सगळं २०२५ च्या अखेरपर्यंतच्या घोषणांवरून लिहिलंय. तिकीट काढण्याआधी आणि पुन्हा आदल्या रात्री डिस्नेच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं कॅलेंडर उघडा, बंद असलेल्या गोष्टींची यादी तिथे असते. वर मी दिलेल्या बसायच्या जागांतलीही एखादी डागडुजीसाठी बंद असू शकते. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, पण फरक भरून तारीख बदलता येते. तारीख पुढे गेलीच तर १६ फेब्रुवारीचा प्रेसिडेंट्स डेचा आठवडा सोडून काहीही घ्या. आणि तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा असता, त्याला फक्त कोस्टर हवे असते, आणि आई-बाबा सोबत नसते, तर मेहुण्यांचं थांबायचं म्हणणं निदान बिग थंडर उघडेपर्यंत मी मान्य केलं असतं.

राहता राहिली व्हीलचेअर. पार्काच्या दारात भाड्याने मिळते, आरक्षण नसतं, त्यामुळे आत शिरताच घ्या. बाबा म्हणतील, "मी रोज पाच किलोमीटर चालतो." चालत असतील, पण इथे दिवसाला दहा-बारा होतात आणि त्यातलं बरंच उभं राहून. वाद घालू नका. पिशव्या ठेवायला घेतोय म्हणा आणि डबा, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या तिच्यात ठेवून ढकलत न्या. तीनच्या सुमाराला पिशव्या त्यांच्या मांडीवर असतील.