चालणारा विषय

चि. ..., अनेक आशीर्वाद.

एलएलएम संपत आलं, सेटची (प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेची) तयारी चालू आहे आणि पीएच.डी.ला ‘चालणारा’ विषय सुचवा, असं लिहिलं आहेस. चालणारे विषय मला कळत नाहीत गं. डेटा प्रायव्हसीसाठी रांग लागली आहे म्हणतात, हवं तर तीत उभी राहा. पण त्याआधी ग्रंथालयातून १९७९ चा एआयआर, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हा निकालसंग्रह, काढ आणि ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ वाच.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा हा खटला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीने गप्प राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हा त्यातला गाभा. गंमत अशी की ही रेघ नागपूरने आधीच ओढली होती, दिल्लीत ती पुसली गेली. खालच्या कोर्टाचा निकाल नीट वाचल्याशिवाय हे दिसत नाही. आरोपी सुटले ते सुटलेच. पण १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: कोठडीतल्या अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

माझा स्वतःचा पहिला लेख म्हणशील तर वर चार ओळी, खाली तळटिपांचं जंगल. कुणी वाचला नाही, बरंच झालं.

पगाराचं विचारलंस. सुरुवातीला सीएचबीवरच, म्हणजे तासाच्या हिशेबाने, तास मिळतील आणि सुट्टीत हात रिकामे. वकिलीची सनद सोडू नकोस. वकिली करत दिवसाला ३ तासांपर्यंत शिकवायची नियमाने मुभा आहे. मी सहा वर्षं तशीच काढली. सकाळी वर्ग, अकराला कोर्ट.

सत्र न्यायालयाचा निकाल छापील मिळणं कठीण, वरच्या निकालात त्यातलं जे आलंय त्यावर भागव. वाचून झालं की घरी ये. मी एवढंच विचारणार आहे: त्या मुलीचं स्वतःचं म्हणणं निकालाच्या कोणत्या परिच्छेदात आहे, आणि किती ओळी?

तुझी,
मॅडम