येशूचा जन्म गव्हाणीत झाला, याचा अर्थ काय?
कोल्हापुरात नाताळला चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा पाहून तुम्हाला हा प्रश्न पडला, हे आवडलं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, गोठा असा उल्लेखच नाही. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरीयेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, एवढंच आहे. ख्रिस्ती श्रद्धेचं मर्म तिथंच आहे: देव स्वतः माणूस झाला आणि ज्यांना कुठं जागा मिळत नाही, त्यांच्यात आला. बरं, पहिली बातमी कुणाला? रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना! आपल्याकडं वावरात मेंढरं बसवून रात्रभर जागणारे धनगर असतात ना, तशी ती माणसं. मला तरी यातच सगळी सुवार्ता दिसते. तारा बघून आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, हे मत्तयच्या वृत्तांतातले, म्हणजे बायबलमधल्या दुसऱ्या शुभवर्तमानातले. तिथल्या हेरोद राजाला येशूच्या जन्माची बातमी कळली ती त्यांच्याकडून, आणि तो घाबरला.