नास्तिक म्हणजे देव न मानणारा की वेद न मानणारा?
आजच्या मराठीत देव न मानणारा. जुन्या दर्शनांच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, वर्गवारीत मात्र वेदांचं प्रामाण्य न मानणारा. मनुस्मृतीत (२.११) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असं सरळच म्हटलंय. म्हणून चार्वाक, जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. गंमत पुढे आहे: वेद मानतात म्हणून आस्तिकांत बसलेल्या सांख्य आणि पूर्वमीमांसा या दोन दर्शनांचं ईश्वरावाचून काही अडत नाही. सांख्यकारिका या सांख्यांच्या मूळ ग्रंथात जगाचा उलगडा प्रकृती (जड मूलतत्त्व) आणि पुरुष (चेतन तत्त्व) यांच्यावरच होतो. यज्ञाचं फळ मिळायला मीमांसकांना ‘अपूर्व’, म्हणजे यज्ञातून निर्माण होणारी अदृश्य शक्ती, पुरतं, आणि कुमारिल भट्ट या मीमांसकांनी तर जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची कल्पनाच खोडून काढली. म्हणजे आजच्या अर्थाने हे पक्के ‘नास्तिक’! व्याकरणकार पाणिनीच्या ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ हे शब्द साधणाऱ्या सूत्राचा (४.४.६०) अर्थ टीकाकार आणखी निराळा लावतात, परलोक मानणारा तो आस्तिक. त्यामुळे जुनं वाचताना ‘निरीश्वरवादी’ आणि ‘नास्तिक’ हे शब्द वेगळे ठेवा. फक्त सरसकट सगळ्या सांख्यांना निरीश्वरवादी म्हणू नका. विज्ञानभिक्षूंसारख्या नंतरच्या भाष्यकारांनी त्यात ईश्वराला जागा करून दिली आहे.