समानतेचा कायदा फक्त मोठ्यांसाठीच का?

प्रश्न: मुलीला कमी ऐकू येतं म्हणून शाळेने सहलीला नेलं नाही. लहान मुलांना कायद्याचं संरक्षण नसतं का?

उत्तर: असतं हो ताई. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २ बघा, वंश, भाषा, धर्म, लिंग, अपंगत्व यावरून मुलांशी भेदभाव करायचा नाही, आणि आईवडील कोण आहेत यावरूनसुद्धा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. वयाचं मात्र बऱ्याचदा सुटतं, ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात दुकानासारख्या सेवांमध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाचं संरक्षण १८ खालच्यांना नाहीच, चूकच आहे ते. तुमच्याकडे कारण अपंगत्वाचं आहे, तेव्हा शाळेकडून नकार लेखी मागा, आणि मुलीला काय वाटलं तेही अर्जात तिच्याच शब्दांत येऊ द्या, त्याच बालहक्क कराराच्या कलम १२ नुसार तिचं म्हणणं ऐकायलाच हवं.