‘पर्फ स्टॅट’मध्ये ‘नॉट सपोर्टेड’ का येतं? आणि प्रोसेसरचे काउंटर वाचायला कर्नल मध्ये कशाला हवा?

तुम्ही लिहिलंय की कऱ्हाडला इंजिनिअरिंग करताय, विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात उबुंटू चालवताय. ‘पर्फ’ या लिनक्सच्या मोजणीच्या टूलचं ‘पर्फ स्टॅट’ मारलं की सायकल्स (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) आणि इन्स्ट्रक्शन्स (त्याने पार पाडलेल्या सूचना) यांच्यापुढे ‘नॉट सपोर्टेड’ येतं. मित्राच्या लॅपटॉपवर आकडे येतात, पण काही ओळींच्या शेवटी कंसात टक्के दिसतात. आणि मोजणी प्रोसेसरमध्येच होते, तर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, लुडबुड कशाला, हाही प्रश्न आहे. शेवटच्यापासून सुरू करतो. तो कळला की बाकीचे दोन सोपे होतात.

काउंटर म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमधली थोडीशी रजिस्टरं, आकडा ठेवायच्या छोट्या जागा. इंटेलवर एका रजिस्टरमध्ये ‘काय मोजायचं’ ते लिहायचं (घटनेचा कोड, यूजर मोडमधलं मोजायचं की कर्नल मोडमधलं, भरल्यावर इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा इशारा, द्यायचा का) आणि दुसऱ्यात आकडा वाढत जातो. ही रजिस्टरं लिहिण्याची सूचना फक्त कर्नल मोडमध्ये चालते. वाचायला मात्र ‘आरडीपीएमसी’ नावाची सूचना आहे आणि कर्नलने मुभा दिली तर ती साध्या प्रोग्रामलाही वापरता येते. म्हणजे परवानगी हे अर्धंच कारण झालं.

खरं कारण असं की त्या रजिस्टरला तुमचा प्रोग्राम कोणता हेच माहीत नसतं. त्या कोअरवर जे चालेल ते तो मोजतो. तुमची प्रोसेस थांबून ब्राउझर चालू झाला की ब्राउझरच्या सूचनाही त्यातच पडणार. तुमचा थ्रेड दुसऱ्या कोअरवर गेला तर तिथलं रजिस्टर वेगळं. थ्रेड कधी बदलला, कुठे गेला हे फक्त कर्नलमधल्या शेड्यूलरला (कोणी कधी चालायचं ते ठरवणाऱ्या भागाला) कळतं. म्हणून थ्रेड उतरताना आकडा काढून त्याच्या खात्यात जमा करणं आणि चढताना पुन्हा मोजणी लावणं हे काम कर्नलकडेच येतं. शिवाय आजच्या इंटेल प्रोसेसरवर काउंटर बहुतेक 48 बिटांचे असतात, त्यांची बेरीज 64 बिटांत सांभाळायची तीही त्यानेच.

प्रोग्राम कुठे वेळ घालवतो याचे नमुने घेणाऱ्या ‘पर्फ रेकॉर्ड’ची गंमत तर याहून मोठी. काउंटरमध्ये शून्याऐवजी ऋण संख्या भरून ठेवतात. समजा उणे दहा लाख. दहा लाख घटना झाल्या की तो भरून उलटतो आणि इंटरप्ट येतो. त्या क्षणी प्रोग्राम कुठे होता ते कर्नल टिपून घेतो. एक्स86 वर हा इंटरप्ट न अडवता येणारा, म्हणजे एनएमआय, असतो. त्यामुळे कर्नलने बाकीचे इंटरप्ट बंद केलेल्या कोडमधलेही नमुने मिळतात. मला ही रचना फार सुंदर वाटते.

आता टक्के. हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर एका वेळी दोन थ्रेड) चालू असलेल्या इंटेलच्या स्कायलेकसारख्या प्रोसेसरवर एका थ्रेडच्या वाट्याला चार सर्वसाधारण काउंटर येतात, आणि सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स वगैरेंसाठी तीन ठरलेले. त्यातलाही एखादा एनएमआय वॉचडॉगने (कोअर अडकला का हे बघणाऱ्या कर्नलच्या सोयीने) धरलेला असू शकतो. तुम्ही दहा घटना मागितल्या की कर्नल आळीपाळीने मोजतो आणि पूर्ण वेळेच्या हिशेबाने आकडा वाढवून देतो. कंसातला टक्का म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला वेळ. कोयनेजवळच्या नवजा गावातला पर्जन्यमापक दर तासाला अर्धा तासच उघडा ठेवला आणि आलेला आकडा दुप्पट केला, तर संततधारेत हिशेब जमेल, पण एकच जोराची सर येऊन गेली तर तो साफ चुकेल. प्रोग्रामचंही तसंच आहे. एकसारखं चालणाऱ्या लूपला हा अंदाज चालतो, टप्पे बदलत जाणाऱ्या छोट्या प्रोग्रामला नाही. टक्का कमी दिसला तर घटना कमी करा. आणि दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं असेल तर दोन्ही नावं महिरपी कंसात एकत्र द्या, म्हणजे कर्नल ती एकाच वेळी मोजतो. हे फार कमी जण करतात, आणि मग वेगवेगळ्या वेळचे आकडे एकमेकांना भागत बसतात.

लिनक्समध्ये ही सोय मुख्य कर्नलमध्ये यायला बराच काळ गेला. आधी ओप्रोफाइल हे टूल होतं, पर्फमॉन2 आणि पर्फसीटीआर हे पॅच बाहेरून लावावे लागत. 2009 मध्ये 2.6.31 आवृत्तीत टॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांचं काम आत आलं, तेच आजचं पर्फ. कोणती घटना कोणत्या काउंटरवर बसवायची हे त्यांनी कर्नलकडे ठेवलं, टूलकडे नाही. माझ्या मते तेच योग्य होतं, कारण एकाच वेळी दोघांनी मोजायला घेतलं तर वाटणी करणारा कोणीतरी हवाच.

तुमचा ‘नॉट सपोर्टेड’ आता कळला असेल. व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्या मशीनला, म्हणजे आत चालणाऱ्या उबुंटूला, ही रजिस्टरं दाखवतच नाही. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘सॉफ्टवेअर इव्हेंट्स ओन्ली’ अशी ओळ सापडेल. त्याच आउटपुटमध्ये पेज फॉल्ट आणि कॉन्टेक्स्ट स्विच यांचे आकडे तुम्हाला दिसत असतील, कारण ते कर्नल स्वतः मोजतो, प्रोसेसर नाही. लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सोयीत, केव्हीएममध्ये, सीपीयू ‘होस्ट’ ठेवला तर काउंटर आत मिळू शकतात, व्हीएमवेअरमध्ये त्यासाठी वेगळी टिकखूण आहे. ‘नॉट काउंटेड’ आलं तर गोष्ट निराळी: घटना मोजता येते, पण तिला काउंटर मिळालाच नाही किंवा प्रोग्राम फारच लवकर संपला.

परवानगीची अडचण आली तर ‘पर्फ_इव्हेंट_पॅरॅनॉइड’ ही कर्नलची सेटिंग बघा. कर्नल 4.6 पासून तिची मूळ किंमत 2 आहे, म्हणजे साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतःच्या प्रोसेसचा यूजर मोडमधला भाग मोजता येतो. काही डिस्ट्रिब्यूशन याहून कडक असतात. कर्नल 5.8 पासून यासाठी वेगळी ‘कॅप_पर्फमॉन’ क्षमताही (फक्त मोजणीपुरता अधिकार) आहे, पूर्ण रूट द्यायची गरज नाही.

हे सगळं शिकण्यासारखं आहे का, असंही विचारलंय. मी सांगलीत साखर कारखान्यांच्या ऊसबिलांचं सॉफ्टवेअर लिहितो. गाळप हंगामात पंधरवड्याचं बिल काढताना एक जुना भाग रेंगाळत होता आणि सगळे नवा सर्व्हर घ्या म्हणत होते. मोजलं तर दर सायकलमागे सूचना अगदीच कमी आणि कॅशे मिस (हवा तो डेटा जवळच्या वेगवान मेमरीत न सापडणं) भरमसाट. प्रोसेसर मेमरीची वाट बघत बसला होता. वजनकाट्याच्या पावत्या आधी सभासद कोडनुसार लावून घेतल्या आणि त्याच सर्व्हरवर काम झरझर व्हायला लागलं. घड्याळ लावून फक्त ‘हळू आहे’ एवढंच कळलं असतं.

सध्या पेन ड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह थेट लॅपटॉपवर चालू करा, पर्फ टाका. मोठं मॅट्रिक्स एकदा ओळीने आणि एकदा स्तंभाने बेरीज करा, सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स आणि कॅशे मिसेस एवढेच तीन मागा. काय आलं ते इथे टाका, आकडे सोबत बसून वाचू.